नासली नव्हे, आंबली

एका शहरात एक मोठी प्रयोगशाळा होती आणि तिथे शरयू आगटे नावाची एक हट्टी शास्त्रज्ञ होती. हट्टी हा शब्द तिच्या वरिष्ठांचा. मला विचाराल तर ती फक्त डोळे उघडे ठेवून बघायची.

काही मुलांचे हातपाय दिवसेंदिवस लुळे पडत होते. त्यांच्या पेशी तिथे काचेच्या बशीत, लाल पोषकद्रवात वाढवत. प्रमुख मोकाशी सरांचं ठाम मत होतं, की या पेशी उपाशी आहेत. म्हणून मुलांना साखरेचं औषध सुरू होतं. मुलं काही सुधारत नव्हती.

प्रयोगशाळेचा एक रिवाज होता. जंतू शिरले की द्रव आंबट होतो आणि पिवळा पडतो. म्हणून पिवळी बशी दिसली, की "नासली" म्हणायचं आणि फेकायची. या मुलांच्या बश्या फार लवकर पिवळ्या पडत आणि तितक्याच लवकर कचऱ्यात जात.

एकदा शरयूने अशीच एक बशी कचऱ्यात जाण्याआधी सूक्ष्मदर्शकाखाली धरली. जंतूचा मागमूस नव्हता. ती तडक सरांकडे गेली.

"सर, ही नासली नाही. आंबली आहे."

"दोन्ही एकच!"

"घरी विचारून बघा. नासलेलं दूध आपण ओतून देतो, आंबलेल्या पिठाच्या आंबोळ्या घालतो. या पेशी उपाशी नाहीत. त्यांना साखर जाळता येत नाही, म्हणून ती आत आंबते. आधी मुलांची साखर बंद करा!"

सर हसले. "नासली म्हणा आणि उद्या माझ्यानंतर माझ्या खुर्चीत बसा. नाहीतर जिन्याखालची खोली रिकामी आहे."

शरयूने बशी उचलली आणि जिन्याखाली गेली.

तिथे तिची उमेदीची वर्षं गेली. पुढे दुसऱ्या प्रयोगशाळांनी तिचं म्हणणं तपासलं आणि ते खरं निघालं. डॉक्टरांनी साखर थांबवून मुलांना तूप सुरू केलं, कारण तूप त्या पेशींना जाळता येत होतं. मान न धरणारी पोरं उठून बसू लागली. काही मात्र तोवर गेली होती, आणि तो राग शरयूने कधीच गिळला नाही.

मग तिचा सत्कार ठरला. थकलेले मोकाशी सर शाल घेऊन उभे राहिले. "आमच्या संस्थेने लावलेला हा शोध..."

शरयूने त्यांचा हात अडवला. "संस्थेने बशी फेकली होती, सर. ती मी उचलली."

तात्पर्य: टाकाऊ म्हणण्याआधी नीट पाहावं, आणि पाहिलेलं खरं असेल, तर खुर्चीसाठी शब्द बदलू नये.