उपवास धरलेला मासा

चूक आचार्यांची होती. माशाची नव्हती, शिष्याची नव्हती आणि त्या दिवशी हात जोडून बसलेल्या माणसांचीही नव्हती. त्यांना जे दाखवले ते त्यांनी पाहिले. मोठ्या माणसाच्या चुकीला वाटेकरी शोधायची आपल्याकडे फार सवय आहे, म्हणून हे आधीच सांगून ठेवलेले बरे.

नदीकाठच्या एका गावात हे आचार्य राहत. सत्तरी ओलांडलेली, वाणी मधुर, स्मरण तल्लख. दर गुरुवारी संध्याकाळी त्यांचे प्रवचन असे आणि चार गावची माणसे ऐकायला येत. त्यांच्याजवळ भोयांच्या घरातला एक पंचविशीचा शिष्य नऊ वर्षांपासून राहत होता. तो कमी बोले. बोलला की मात्र शब्द साखरेत घोळून देत नसे.

एका भुसार व्यापाऱ्याने आचार्यांना काचेची मोठी मत्स्यपेटी भेट दिली. आचार्य म्हणाले, "यात बाजारातले रंगीत मासे नकोत. आपल्या ओढ्यातले आणू. आपल्याच पाण्याकडून काही शिकू." ही गोष्ट त्यांनी चांगली सांगितली होती, चांगले सांगणे त्यांना नेहमीच जमे. शिष्य ओढ्यावर गेला आणि डोकऱ्याची जोडी घेऊन आला. डोकऱ्या म्हणजे मरळीच्या जातीचा, पण वाढून वाढून वीतभर होणारा मासा. अंगावर निळसर झाक, परांना नारिंगी कड, आणि डोळे असे की पाहणाऱ्यालाच आपण पाहिले गेल्यासारखे वाटावे.

"हा शिकारी आहे, आचार्य," शिष्य म्हणाला. "हलेल ते खातो. वर फळी ठेवावी लागेल, नाहीतर उडी मारून बाहेर पडेल. आणि पाणी काठोकाठ नको. तो वर येऊन हवा घेतो. हवेला जागा ठेवली नाही तर पाण्यातच गुदमरून मरतो."

"मासा पाण्यात गुदमरतो!" व्यापारी मांडीवर थाप मारून हसला. "आचार्य, पुढच्या गुरुवारी यालाच बसवा गादीवर."

आचार्यही हसले. आणि शोभा दिसावी म्हणून पेटी काठोकाठ भरायला सांगितली. व्यापारी गेल्यावर शिष्याने चार तांबे पाणी काढून टाकले. आचार्यांनी ते पाहिले, पण जणू पाहिलेच नाही असे करून ते पोथी वाचत राहिले.

पुढे चातुर्मास लागला. चातुर्मासात प्रत्येकाने काहीतरी सोडायचे, ही रीत. कुणी कांदा सोडला, कुणी वांगे, कुणी चहा, एका गृहस्थाने तर सुनेशी भांडण सोडले आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा धरले. आचार्यांनी मत्स्यपेटीत चांदीसारखे बारा बारके मासे सोडले आणि घोषणा केली: "या चार महिन्यांत या घरात हिंसा होणार नाही. या दोघांना कणकेच्या गोळ्या मिळतील. सत्संगाने हेही बदलतील."

"कणीक नाही खात तो," शिष्य म्हणाला.

"मग उपवास करील."

आठवड्यात बारांचे सात झाले. आचार्य अस्वस्थ झाले. आणि मग एका सकाळी जोडीतल्या एकाने खाणेच थांबवले. बारके मासे त्याच्या नाकासमोरून जात, त्याच्या पराला घासत, तो ढुंकून पाहत नसे. कोपऱ्यातल्या दगडाआड स्थिर उभा राही. दुसरा मासा मात्र आपला धंदा सोडायला तयार नव्हता. त्याने आणखी एक उचलला.

आचार्यांचा चेहरा उजळला. "पाहिलंस? एकाला कळलं. दुसऱ्याला बाहेर काढ. कुसंग आहे तो."

"ती मादी आहे त्याची," शिष्य म्हणाला. "राखण करते."

"राखण करते की चरते?"

समोर बसलेली मंडळी खळखळून हसली. शिष्याने मादीला बादलीत घेतले आणि ओढ्यावर सोडून आला. परतल्यावर त्याने आचार्यांना एकट्याला गाठले.

"तो उपाशी राहिलेला नाही, आचार्य. त्याच्या तोंडात पोरं आहेत."

"पोरं तोंडात? मग पोटात काय, आजोबा?"

"हसू नका. मादी अंडी घालते, नर ती तोंडात घेतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत तोंडातच सांभाळतो. तोपर्यंत काही खात नाही. त्याचा गळा बघा, फुगलाय. बापानं दाखवलंय मला, लहानपणी."

"तुझा बाप मासे मारी," आचार्य शांतपणे म्हणाले. "मारणाऱ्याला जीवाचं वजन कळतं, मन नाही."

 "माझा बाप असा नर जाळ्यात आला की परत पाण्यात सोडायचा. मी पोथीतलं सांगत नाहीये. आठ-दहा दिवस त्याला कुणी हात लावू नका, एवढंच म्हणतोय. घाबरला तर तो पिल्लं टाकेल, नाहीतर गिळेल."

"हात कोण लावतंय?" आचार्य म्हणाले.

त्यानंतरच्या गुरुवारी त्यांनी विषय घेतला तो त्याच माशाचा. ज्याने पिढ्यान् पिढ्या मांस खाल्ले त्या जीवाने मांस सोडले; मग मनुष्याला काय अशक्य आहे? भाषण इतके रंगले की बायकांनी डोळे पुसले. दुसऱ्या दिवसापासून लोक मासा पाहायला येऊ लागले. जुगारी भावाला घेऊन बहीण आली, तापट नवऱ्याला घेऊन बायको आली. काचेपाशी उभे करून त्या सांगत, "बघा, हा सुद्धा सुधारला." बोलावणी पाच गावांत गेली. पुढचा गुरुवार मोठा होणार हे ठरले. व्यापाऱ्याने निरोप पाठवला की आपल्या पिणाऱ्या मुलाला तो बखोट धरून का होईना, घेऊन येणार आहे.

गुरुवारी पहाटे आचार्य स्नान करून पेटीजवळ गेले. फळीच्या फटीतून उजेड पाण्यात उतरला होता. मासा संथपणे वर आला, हवेचा घोट घेण्यापुरते त्याने तोंड किलकिले केले, आणि आचार्यांनी वाकून आत पाहिले.

आत डोळे होते. मोहरीपेक्षा बारीक, काळे, खच्चून भरलेले डोळे. आणि ते हलत होते.

तोंड मिटले. मासा खाली गेला. आचार्य तसेच वाकून उभे राहिले. सरळ झाले तेव्हा दारात शिष्य पाण्याची बादली घेऊन उभा होता.

"काच पुसून ठेव," आचार्य म्हणाले. "आज लोक जास्त येतील."

इथे थांबून नीट पाहायला हवे. अज्ञानाने चूक झाली असती तर ही गोष्ट सांगायचे कारणच नव्हते. आचार्यांकडे अख्खा दिवस होता. माघार घ्यायला त्यांना दोनच शब्द लागले असते: माझं चुकलं. हे दोन शब्द कसे उच्चारावेत, त्याने मन कसे हलके होते, यावर त्यांनी आयुष्यात निदान शंभर प्रवचने दिली असतील. त्या दिवशी दुपारी त्यांना झोप लागली नाही. आसनावर बसून ते शब्द त्यांनी मनात जुळवले. मग पाच गावची माणसे डोळ्यांसमोर आली, आणि ती माणसे हसतील असे त्यांना वाटले. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला लोकांच्या हसण्याची एवढी भीती वाटावी, तर मग त्याचे केस कशाने पांढरे झाले म्हणायचे?

संध्याकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मत्स्यपेटी चौरंगावर मध्यभागी ठेवली होती. शिष्य तिच्याजवळ उभा होता; आज तो बसला नाही. आचार्यांचे बोलणे सुरू झाले आणि सवयीने रंगलेही. तेवढ्यात पुढच्या ओळीतून व्यापाऱ्याचा मुलगा उठला.

"आचार्य, त्याचं तोंड फुगलंय. आत काहीतरी भरलंय बघा."

"खाली बैस!" व्यापारी ओरडला.

"का बसू? मी तोंड मिटून घरी आलो की तुम्ही नाही का म्हणत, उघड, वास घेऊ दे? मग त्याचंही उघडा की. मी एकटाच का?"

सभा हसली. पण हसून झाल्यावर सगळ्यांच्या माना पेटीकडे वळल्या. मागून कुणीतरी म्हणाले, "दाखवाच, आचार्य. म्हणजे शंका उरणार नाही."

आचार्यांनी शिष्याकडे पाहिले. "त्याला बाहेर घे. तोंड उघडून दाखव."

"मी नाही," शिष्य म्हणाला.

"माझी आज्ञा आहे."

"ऐकली. मी नाही करणार." मग आवाज खाली आणून, फक्त आचार्यांनाच ऐकू जाईल असा, तो म्हणाला, "अजून सांगता येईल. लोक आहेत, राक्षस नाहीत. समजून घेतील. सांगा."

  सांगायला तो क्षण पुरेसा होता. आचार्य उठले, उपरणे बाजूला ठेवले, बाही वर केली आणि फळी सरकवून हात पाण्यात घातला.

मासा दगडाआड सरकला. हात त्याच्या मागोमाग गेला. मासा काचेवर आपटला, वळला, पुन्हा आपटला. पळायला जागा नव्हती. म्हाताऱ्या बोटांनी त्याला काचेवर दाबले, अंगठा ओठावर आला, आणि त्याचे तोंड उघडले.

धुराचा लोट सुटावा तशी पिल्ले बाहेर पडली. शंभर असतील, दीडशे असतील. क्षणभर ती पाण्यात तशीच तरंगली, कुठे जावे हे न कळून. आणि मग ते सहा चांदीचे मासे, ज्यांच्या रक्षणासाठी हे सगळे चालले होते, पिल्लांवर तुटून पडले.

"अरे देवा!" एक बाई किंचाळली. "हे काय?"

सगळी सभा आचार्यांकडे पाहत होती. कोपरापर्यंत भिजलेला हात घेऊन ते उभे होते. आणि त्यांची वाणी, जी त्यांना आयुष्यात कधी सोडून गेली नव्हती, ती आताही धावून आली.

"भिऊ नका," ते म्हणाले. "याने ज्यांना गिळले होते त्यांना आज तो परत देत आहे. संताचा स्पर्श झाला आणि हिंसकाने आपले पाप ओकून टाकले. मनुष्याच्या आतही असेच बरेच काही गिळलेले असते. ते धरून ठेवू नका. तोंड उघडा. मुक्त व्हा."

सभागृह जयजयकाराने दणाणले. माणसे लोटांगण घालू लागली. व्यापाऱ्याचा मुलगा पुढे आला, आचार्यांच्या पायावर डोके ठेवून रडला आणि त्याने दारू सोडण्याची शपथ घेतली. या सगळ्या गलक्यात एकच माणूस पेटीवर वाकलेला होता. शिष्य तांब्याने पिल्ले काढत होता, एक-एक, ओठ घट्ट मिटून, आणि त्याच्या तांब्याच्या आधी ते चांदीचे मासे पोहोचत होते. बाप काचेच्या तळाशी आडवा पडून हवेसाठी तोंड हलवत होता.

सभा पांगली. आचार्य आसनावर बसून होते. हात अजून ओला होता. तो पुसायचे त्यांना सुचले नव्हते. शिष्याने नराला उचलून बादलीत ठेवले आणि तांब्यातली पिल्ले हळूच त्याच्याजवळ सोडली.

"किती राहिली?" आचार्यांनी विचारले.

"नऊ."

"घेईल का तो परत तोंडात?"

"माहीत नाही. भ्यालेला बाप गिळूनही टाकतो."

 मग आचार्य म्हणाले, "त्या मुलाने शपथ घेतली. एक घर वाचेल कदाचित. याचा विचार कर."

"सोडली दारू तर बरंच आहे," शिष्य म्हणाला. "खरं सांगूनही सोडली असती कदाचित. तुम्ही ते करून पाहिलं नाही."

"मला ठाऊक नव्हतं..."

"पहाटे तुम्ही आत पाहिलंत, आचार्य. मी तुम्हाला पाहताना पाहिलं." त्याचा आवाज चढला नाही, चढला असता तर आचार्यांना सोपे गेले असते. "म्हणून दिवसभर वाट बघितली. दुपारी तुम्ही जागे होता तेव्हा मला वाटलं, आता बोलवतील, म्हणतील, जा, बादली आण, याला ओढ्यावर नेऊन सोड. मी बादली धुऊन दाराशी ठेवली होती."

आचार्यांजवळ वाणी होती, पण समोर सभा नव्हती. समोर एकच माणूस होता, आणि त्याला खरे काय ते माहीत होते. चुकीचे समर्थन करता येते ते ज्यांना ती चूक दिसली नाही त्यांच्यासमोर, एवढे त्या वेळी त्यांना कळले. ते कळले तरी ते दोन शब्द मात्र तोंडातून बाहेर आले नाहीत.

शिष्य खाली वाकला, नेहमीसारखा नमस्कार केला, बादली उचलली. ओढ्यापर्यंत चालताना पाणी हिंदकळू नये म्हणून तो अगदी सावकाश गेला. पायऱ्या उतरून वळणापर्यंत आचार्यांना त्याची पाठ दिसत होती. त्यांनी हाक मारली असती तर ती त्याला ऐकू गेली असती.

तो परत आला नाही. गुरुवारची सभा दुप्पट भरू लागली.

त्यानंतर आचार्य अकरा वर्षे जगले. त्या अकरा वर्षांत त्यांची एकही चूक त्यांना कुणी सांगितली नाही.