मधला दात

"...आणि दाताचं टोक माझ्याकडे असलं तर?"

"तर हात लावू नको," पुरसोबुवा म्हणाले. "दर्याकडे टोक आसला तरच उचल."

आठल्ये हसला. तोंडावर हसला, लपवलं नाही.

कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारा माणूस. कोट्यवधी वर्षांपूर्वी मेलेल्या शार्कचे दगड झालेले दात शोधायला तो या किनाऱ्यावर आला होता. खाडीच्या मुखाशी ओहोटीला उघडा पडणारा चिखलाचा पट्टा आहे, तिथे ते मिळतात एवढं त्याला कळलं होतं. तिकडची वाट मात्र गावात कुणी सांगेना. विचारलं की लोक जाळी विणायला घ्यायचे.

बुवांनी सांगितली. बुवा पूर्वी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायचे. आता भूशिरावरच्या दगडी देवळीत, लहानशा देवळात, राहतात आणि दिवा लावतात, बाकी काही करत नाहीत. वाट सांगताना त्यांनी ही एकच अट घातली.

शिकलेल्या माणसाला अट घातली की ती मोडायची खाज सुटते. आठल्येला तर जरा जास्तच सुटली.

*

दात शोधणं हे मान मोडण्याचं काम आहे. पाणी मागे सरकू लागलं की त्याच्या मागोमाग जायचं, वाकून, डोळे शिंपल्यांच्या रेघेवर ठेवून. दात काळा असतो आणि ओला असताना चमकतो. सुरुवातीला काहीच दिसत नाही. एकदा नजर बसली की दुसरं काही दिसत नाही.

आठल्येची नजर तिसऱ्या दिवशी बसली.

काम चोख. दात दिसला की आधी वही काढायची. चिखलातल्या एका खडकापासून किती पावलं, कोणत्या दिशेला, ते लिहायचं. टोक जिकडे असेल तिकडे बाण काढायचा. मगच उचलायचा.

सगळ्यांची टोकं त्याच्याकडे होती.

सगळे त्याने उचलले.

*

तीन आठवड्यांनी, उन्हं कलायला लागली तेव्हा, तो पिशवी घेऊन देवळीपाशी आला. चेहरा उजळलेला होता. बुवा पायरीवर बसले होते.

"बुवा, हे सगळे एकाच तोंडातले दात आहेत."

"कशावरसून?"

"रंग एक, घडण एक. शार्कचा जबडा कुजून जातो, दात कुठल्या कुठे पांगतात. अख्खं तोंड एका जागी मिळणं... बुवा, माणसं यासाठी जन्म घालवतात."

"आणि टोकां?"

आठल्ये थोडा चपापला. "वहीत आहेत," तो म्हणाला.

"मांड बघया."

देवळीपुढच्या वाळूत, स्वतःला खडकाच्या जागी धरून, आठल्ये मांडी घालून बसला. वही समोर उघडली. दहा पावलांना एक वीत, असं माप धरून एकेक दात मांडू लागला. डावीकडून सुरुवात केली, तिथले बारीक होते. मग मोठे. समोर आले ते अंगठ्यापेक्षा जाड. मग उजवीकडे पुन्हा लहान होत गेले. बाण बघून तो प्रत्येकाचं टोक फिरवत होता.

शेवटचा दात त्याच्या उजव्या गुडघ्याशी आला.

त्याने वही मिटली आणि पाहिलं. डाव्या गुडघ्यापासून उजव्या गुडघ्यापर्यंत दातांची कमान झाली होती. टोकं सगळी आत. समोर मधोमध एक जागा रिकामी.

"तू खय बसलंस?" बुवांनी विचारलं.

आठल्येने आपल्या दोन्ही गुडघ्यांकडे पाहिलं.

"पाठीमागे काय आसा?"

त्याने मान वळवून पाहिलं. "मागे काही नाही. मोकळं आहे."

"मोकळा नाय," बुवा म्हणाले. "थय गळो आसा."

...

लाटांचा आवाज आधी येत होता. आता येत नव्हता. आठल्येला ते कळलं, पण त्याचं मन त्या रिकाम्या जागेत अडकलं होतं.

"मधला एक राहिला," तो म्हणाला. "सगळ्यात मोठा तोच असणार. रोज बघतो तिथे. नाही मिळत."

बुवा उठले. आत गेले. दिव्याशेजारी ठेवलेलं काहीतरी घेऊन आले आणि तळहात पुढे केला.

दात तळहात भरून उरला होता.

आठल्ये पुढे झुकला. "हा... तुम्हाला कुठे मिळाला?"

"थयच. वाकान दात बघीत होतंय, भरती इल्ली ती कळली नाय. मागे गळो, पुढे दात. एक उपटलंय आणि त्या फटीतसून भायर इलंय."

"मला द्या, बुवा."

"कित्याक?"

"उद्या ओहोटीला सगळे परत जागेवर नेऊन लावतो. वहीत पाऊल न् पाऊल लिहिलेलं आहे. अख्खा जबडा जागेवर मांडायचा आणि फोटो काढायचा. नाहीतर कोण विश्वास ठेवणार? गेल्या वर्षी परिषदेत माझं बोलणं संपायच्या आधी लोक चहाला उठले, बुवा. हसत उठले." त्याचा आवाज चिरकला. "हा एक दात मिळाला, तर पुन्हा कुणी उठणार नाही."

बुवांनी तो त्याच्या हातावर ठेवला. मीठ मागितलं आणि दिलं, इतक्या सहज.

आठल्येने दात मुठीत धरला. गार होता. मग जाणवलं की पायही गार पडलेत. त्याने खाली पाहिलं. दिवसभराच्या उन्हाने वाळू कोरडी ठणठणीत होती. कमानीच्या आतली तेवढी ओली होती.

त्याला भीती वाटली. खरोखरची. तरी तो उठला नाही, आणि मूठही त्याने सोडली नाही.

"बुवा... याआधी कुणी मागितला नाही हा?"

"मागितलो. चौघांनी."

"तुम्ही दिला नाहीत."

"चौघांकय दिलंय."

आठल्येने मूठ उघडून पाहिलं. दाताचं टोक त्याच्याकडे होतं.

"मग हा तुमच्याकडे कसा?"

बुवा देवळीत गेले. दिव्यात तेल घातलं, वात सारखी केली. मग पाठमोरेच म्हणाले,

"दात तेवढो परत येता."