भिवराक्काची घंटा

तुम्ही कधी अख्खं गाव गप्प झालेलं ऐकलंय का? झोपलेलं गाव नाही म्हणत मी. भर दुपारी, माणसं जागी, चुली पेटलेल्या, अंगणात पोरं जमलेली, आणि तरी कुठे हूं की चूं नाही. तळसड्याच्या लोकांनी ते एकदा ऐकलं होतं. ते भिवराक्कामुळे.

फार वर्षं झाली त्याला. तळसडा हे उंच पठारावरचं गाव. एका अंगाला उभा कडा, आणि कड्यापासून पठाराच्या आत शिरलेली एक खोल घळ. घळीच्या अलीकडे गाव, पलीकडे गवताचं रान. पलीकडे जायचं तर वरच्या पिंपळापासून वळसा घालून जावं लागे.

त्या मुलखात भिवराक्का काजळी नावाचं तट्टू घेऊन गावोगाव फिरायची. काजळीच्या पाठीवर दोन डालगी असत. एकात दोन पांढरे ससे, दुसऱ्यात पिल्लांची कोंबडी. मागून ढवळी शेळी आणि तिचं करडू. कुणाकडे बारसं असो, जावळ असो, गावाची जत्रा असो, लोक आधी भिवराक्काला निरोप धाडायचे आणि मग आचारी ठरवायचे. पोरांना काजळीवरून फेरी मिळायची, ससा मांडीवर घ्यायला मिळायचा. असं म्हणतात की तिच्या हाताखाली रडकं पोरसुद्धा गप्प व्हायचं.

तिची रीत ठरलेली होती. आधी पोराचा तळवा काजळीला हुंगू द्यायचा. मग काजळीच्या गळ्यातली पितळी घंटा हातात धरून तीनदा हळू वाजवायची. टण, टण, टण. त्या तीन ठोक्यांवर काजळी दगडासारखी उभी राही. पोर नीट बसेपर्यंत हलत नसे. पण तेवढाच वेळ. पोर चढायला लागतो तेवढा वेळ गेला की ती चालू लागे. आणि फेरीवर असताना भिवराक्काने नुसती हाक मारली, तर असेल तिथून सरळ तिच्याकडे येई. वाटेत काय आहे ते बघत नसे.

फेरी सुरू झाली की भिवराक्का दुसऱ्या पोरांकडे वळायची, पण कान घंटेवर असायचा. तट्टू चालतंय, थांबलंय, की पाठीवरचं पोर एका बाजूला कललंय, हे तिला आवाजावरून कळे. लोकांना याचं फार कौतुक. त्यामागचं कारण मात्र कुणाला ठाऊक नव्हतं. भिवराक्काला दहा पावलांपलीकडचं दिसत नव्हतं. तीन वर्षांपासून तिच्या डोळ्यांपुढे पांढरं पांढरं साचत चाललं होतं. हे कळलं तर आपल्या पोराला तिच्या हाती कोण देणार? म्हणून ती बोलली नव्हती.

त्या वर्षी रथसप्तमीला तळसड्यात रावजींच्या घरी बोरन्हाण होतं. धाकटा मुलगा वर्षाचा झालेला. त्याला काळं झबलं, हलव्याचे दागिने, डोक्यावर हलव्याचा मुकुट. गावातली सगळी पोरं बोरं लुटायला जमलेली. घरात हुकूम चालायचा तो रावजींच्या थोरल्या बहिणीचा, चंद्राआत्याचा. बाळ दागिन्यांनी टोचून किरकिरलं आणि बोरांआधीच झोपी गेलं, तशी आत्या तरातरा अंगणात आली.

"अगं ए भिवरा, ती घंटा काढ बघू. बाळाचा आत्ताच कुठे डोळा लागलाय."

"आत्याबाई, फेऱ्या थांबवते हवं तर. घंटा नको काढायला."

"फेऱ्या थांबवल्या तर ही वीस पोरं माझं डोकं खातील. घंटा काढ म्हटलं की काढ. की घंटेशिवाय तुझं तट्टू चालतच नाही?"

बायका हसल्या. भिवराक्काच्या ओठावर आलं होतं, की बाई, ती घंटा म्हणजेच माझे डोळे. पण ते बोलायचं तर सगळंच बोलावं लागलं असतं. तिने घंटा सोडली आणि कमरेला खोचली. अशी चूक तिने जन्मात केली नव्हती. काजळीने दोनदा मान झटकली. तिलाही गळा ओकाबोका वाटला असावा.

फेरीची पाळी होती मैनाची. मैना म्हणजे बाळाची थोरली बहीण, सहा वर्षांची. सकाळपासून सगळे बाळाभोवती, तिच्याकडे कुणी बघितलं नव्हतं. तिने करडू मागितलं, भिवराक्काने तिला काजळीवर बसवून ते तिच्या मांडीवर दिलं. काजळी अंगणाबाहेरच्या वाटेने फेरीला निघाली, आणि भिवराक्का एका रडणाऱ्या पोराच्या मांडीवर ससा ठेवायला खाली बसली. "मुठी उघड बाळा. हात उताणा धर, म्हणजे तो भिणार नाही."

तेवढ्यात कड्याखालून ढग चढला. असं म्हणतात की तसा ढग रथसप्तमीला ना त्याआधी कधी आला, ना त्यानंतर. बघता बघता त्याने रान गिळलं, वाट गिळली, अंगणातली तुळस गिळली.

"मैना कुठाय?" मैनाची आई दारातून म्हणाली.

भिवराक्काने सवयीने कान दिला. काहीच ऐकू आलं नाही. तिचा हात कमरेच्या घंटेवर गेला.

माणसं धावली. कुणी हाका मारू लागलं, कुणी थाळी बडवू लागलं, कुत्री भुंकू लागली. कुठल्या आवाजाचा उगम कुठे, हे कुणालाच कळेना. रावजी धुक्यात घुसले आणि आपल्याच गोठ्याच्या भिंतीवर आदळून परत आले.

"गप्प बसा," भिवराक्का म्हणाली. कुणी ऐकलं नाही. तेव्हा ती रावजींपुढे जाऊन उभी राहिली. "दादा, मला दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. तीन वर्षं झाली. मी कानांवर चालते. आज तुमचं सगळ्यांचं माझ्यासारखं झालंय. या गोंगाटाने काजळी बिथरली आणि घळीकडे वळली तर संपलं. गाव गप्प करा."

"आंधळी बाई पोरं फिरवते आमची," कुणीतरी मागून म्हणालं.

"ते नंतर बोल," चंद्राआत्या म्हणाली. "आता तोंड मिट."

आणि गाव गप्प झालं. घराघरात निरोप गेला. थाळ्या खाली ठेवल्या गेल्या. कुत्र्यांची तोंडं मांडीत दाबली गेली. बायांनी तान्ही पोरं छातीशी धरली. चुलीवरची भांडी उतरवली, कारण उकळत्या पाण्याचाही आवाज होतो. असं म्हणतात की पिंपळाची पानंसुद्धा त्या वेळी थांबली.

भिवराक्काने ढवळीचा कान हलकेच ओढला. ढवळी ओरडली. सगळ्यांनी श्वास धरले.

लांबून, अगदी बारीक, करडाने ओ दिली. घळीच्या पलीकडून.

म्हणजे काजळी पिंपळाचा वळसा घालून रानात गेली होती, आणि आता तिच्या आणि घराच्या मधे घळ होती. मैनाच्या आईने तोंड उघडलं. भिवराक्काने तिच्या तोंडावर हात ठेवला. "तू हाक मारलीस तर पोर उतरेल आणि धावत येईल. मी मारली तर काजळी सरळ येईल. मधली घळ दोघींनाही दिसणार नाही."

तिने घंटा काढली आणि तीनदा वाजवली. टण, टण, टण. म्हणजे काजळे, उभी राहा. पण तो थांबा किती वेळाचा, ते तिला ठाऊक होतं. ती चालत निघाली, अनवाणी, पावलाने जमीन चाचपत. थोडं गेलं की पुन्हा तीन ठोके. पलीकडे एक दगड सुटला. तो खाली पडत गेल्याचा आवाज कितीतरी वेळ येत राहिला. काजळी काठावर होती.

गावाला धुक्यात फक्त घंटा ऐकू येत होती. वळशाने जायचं तर घंटा आधी उजवीकडे, पिंपळाच्या अंगाला जायला हवी. ती गेली नाही. तीन ठोके घळीच्या काठावर वाजले. पुढचे तीन त्याच्याही पुढे वाजले, जिथे पाय ठेवायला जमीन नाही. त्यापुढचे तीन आणखी पुढे. लोक सांगतात, भिवराक्काच्या पायांखाली तेव्हा धुकंच जमीन झालं. कुणी म्हणतात, धुक्यात आवाज फसवतो, ती वळशानेच गेली असणार. पण वळशाची वाट चालायला पान लावून खाऊन होईल एवढा वेळ लागतो, आणि त्या दिवशी तेवढा वेळ नव्हता, हेही तेच लोक सांगतात.

मग घंटा थांबली. गाव तरी गप्पच राहिलं. कुणाला हलायचा धीर होईना.

कितीतरी वेळाने घंटा पुन्हा वाजली, पण आता वेगळी. टण... टण... टण... चालत्या तट्टूच्या गळ्यातली. ती पिंपळाकडून आली. आधी काजळीचं तोंड दिसलं, मग तिच्या पाठीवर करडू छातीशी धरून बसलेली मैना, आणि शेजारी लगाम धरून भिवराक्का. लगाम तिने धरला होता, की तिला काजळी आणत होती, ते सांगता येत नव्हतं.

मैनाच्या आईने मैनाला उतरवून घेतलं. मैना म्हणाली, "आक्काला बोलू नका. मीच काजळीला टाच मारली. मला लांब जायचं होतं."

भिवराक्का घंटा सोडू लागली. "आत्याबाई, बाळ उठेल."

"उठू दे," आत्या म्हणाली. तिने घंटेवरचा तिचा हात बाजूला केला आणि सुटलेली गाठ स्वतः पक्की केली. "आणि तुला दिसत नाही ते दिसत नाही. आमच्या गावात तरी तुझ्यापुढे एक माणूस चालत जाईल. पण पोरं तूच बसवायची."

भिवराक्का त्यानंतर किती वर्षं फिरली, ती कुठे गेली, कुणाला माहीत नाही. आता तट्टूवाले टेम्पोतून येतात, ससे जाळीच्या पिंजऱ्यात असतात, वाढदिवसालाही बोलावणं जातं. पण तळसड्यात कुठल्याही जनावराच्या गळ्यातली घंटा अजून कुणी काढत नाही. पहिलं पोर बसवण्याआधी तट्टूवाल्याला तीन ठोके द्यावेच लागतात. आणि बोरन्हाणाला बोरं ओतण्याआधी सगळं अंगण गप्प होतं. घरातली आत्या तीनदा घंटा वाजवते, पोरं कान देऊन ऐकतात, आणि मगच बोरं पडतात. असं म्हणतात की धुकं असेल तर त्या वेळी घळीच्या मधोमध उत्तरादाखल तीन ठोके ऐकू येतात.

त्या दिवशी मात्र बोरन्हाण राहूनच गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन पडलं, बाळाला पुन्हा हलव्याचे दागिने घातले, आणि पहिली फेरी मैनाला मिळाली.