जोड वाळण्यापूर्वी

“मग मेले कशाने?”

नरहरबुवांनी विचारले, आणि वळत असलेली वात तशीच बोटांत धरून ठेवली.

समोर रघुवीर मोकाशी बसला होता. शहराच्या पाणीपुरवठ्यात चाळीस वर्षे अभियंता म्हणून काढलेला, साठी उलटलेला शिष्य. त्याने पिशवीतून नळ्यांचे चार तुकडे काढून बुवांच्या पुढ्यात ठेवले होते. उत्तर देण्याऐवजी तो ते एका रेषेत लावीत राहिला.

“दुकान मांडलंस की काय?”

“महाराज, यांतल्या एकाला आपण हात लावून द्यावा. माशांच्या टाकीला तोच घालीन. नवे सात मासे आणतो. या खेपेला ते जगलेच पाहिजेत.”

“इंदू कशी आहे?”

रघुवीरचे हात थांबले.

इंदू त्याची पत्नी. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूने तिचे उजवे अंग नेले आणि वाचाही नेली. उरला होता एकच शब्द. घरातल्या माशांच्या टाकीसमोर तिची खुर्ची असे. काचेवर ती डाव्या हाताचे बोट टेकवी, सोनेरी माशांतला एखादा त्या बोटापाशी येई, आणि ती म्हणे, “आला.”

दिवसभर हे चाले. त्या घरात तेवढेच बोलणे होते.

“बोट ठेवते,” रघुवीर म्हणाला. “अजून ठेवते. अकरा दिवस झाले टाकी रिकामी होऊन. संध्याकाळपर्यंत ठेवून बसते.”

“बोलते?”

“नाही.”

…

बुवांनी वात तबकात ठेवली.

“हे काय काय आहे, सांग.”

रघुवीर सावरून बसला. त्याच्या आवाजाला कचेरीतला जुना ठामपणा आला.

“ही हिरवी, बागेची. मऊ राहावी म्हणून हिच्यात तेलकट द्रव्यं घालतात, बुरशी धरू नये म्हणून आणखी काही. झाडाला चालते, माशाला चालत नाही. हा राखाडी पाइप भिंतीतून वायर ओढायचा. पाण्यासाठी केलेलाच नाही. कोणतं प्लास्टिक वितळवून केला, ते करणाऱ्यालाच ठाऊक. ही पारदर्शक सिलिकॉनची. निर्धोक आहे, पण भिंतीतून नेली तर दबते. आणि हा पांढरा, कडक पीव्हीसी. पिण्याच्या पाण्यासाठी, असा यावर छाप आहे. माणसं जन्मभर याचं पाणी पितात.”

“तू कोणता घातला होतास?”

“हाच.”

“म्हणजे योग्य तोच.”

“योग्य तोच, महाराज. त्यात माझी चूक होणार नाही.”

“आधी टाकीत काय बिघडलं होतं?”

“बिघडलं काहीच नव्हतं. पंप टाकीतच होता. त्याची घरघर तिला सोसत नसेल, असं मला वाटलं. म्हणून पंप आणि गाळणी गॅलरीत नेली, भिंतीला भोकं पाडून पाइप टाकले.”

“घरघर सोसत नाही, असं ती म्हणाली?”

“ती कशी म्हणणार?”

“मग तुला कसं कळलं?”

रघुवीर सिलिकॉनची नळी दाबून पाहू लागला.

“चाळीस वर्षं गावाला पाणी पाजलंस,” बुवा म्हणाले, “आणि सात मासे जगवता आले नाहीत.”

त्याने ते मान खाली घालून सोसले. मग हळूच म्हणाला, “पाइपाने नाही मेले. जोडांनी मेले.”

“म्हणजे?”

“जोड सोल्युशनने चिकटवतात. ते उग्र असतं, ओलं असलं तर पाण्यात उतरतं. जोड पुरता वाळू द्यावा लागतो, मग आतून पाणी खेळवून धुवावा लागतो. निदान एक दिवस. डब्यावरच लिहिलेलं असतं.”

“तू वाचलं नव्हतंस?”

“हाताखालच्या माणसांना जन्मभर तेच वाचून दाखवलं.”

“आणि थांबलास किती?”

“पाऊण तास.”

…

“का रे?”

रघुवीरने तुकड्यांची रेष सरळ केली.

“इतकी कसली घाई होती तुला?”

“दहाच्या आत पाणी सोडायचं होतं. मुहूर्त टळला असता. पुढे पंधरा दिवस चांगला दिवस नव्हता.”

“कुणी दिला होता हा मुहूर्त?”

रघुवीरने राखाडी तुकडा उचलला, पुन्हा खाली ठेवला.

“कुणी, विचारतोय मी.”

“आपण.”

देवघरातली समई तडतडली. बुवांनी तिकडे पाहिले नाही.

“मला आठवत नाही,” ते म्हणाले.

“फोन केला होता, महाराज. घरात एक नवं काम आहे म्हणालो. आपण पंचांग पाहून सांगितलंत, बुधवार, दहाच्या आत.”

“कसलं काम, ते मी विचारलं होतं?”

“नाही.”

“तू सांगितलं होतंस?”

“एवढ्याशा गोष्टीसाठी आपल्याला कशाला त्रास, असं वाटलं.”

मग बुवा आसनावरून उतरले आणि फरशीवर, नळ्यांच्या तुकड्यांपलीकडे, रघुवीरच्या समोर बसले. रघुवीर गडबडून उठू लागला.

“महाराज, असं नका…”

“बस खाली.”

तो बसला.

“जळावाचून मासा तळमळतो, हे पन्नास वर्षं कीर्तनात सांगत आलो,” बुवा म्हणाले. “ऐकणारे रडायचे. मीही रडायचो… जळात असूनही तळमळतो, हे एकदाही मनात आलं नाही.”

“आपला काय दोष, महाराज? वाचता मला येत होतं.”

“माझा दोष वाहून न्यायला आलास का?”

रघुवीरचे डोळे भरले. त्याने ते उपरण्याने पुसले नाहीत, तसेच वाहू दिले.

“पहिला मासा गुरुवारी पहाटे उलटा झाला,” तो म्हणाला. “तिला दिसू नये म्हणून मी काढून घेतला. ती सहांकडे बघत बसली. दुपारी आणखी दोन. शेवटचा शनिवारी गेला, तिच्या बोटासमोरच. मी गॅलरीत होतो, जोड तपासत. ती आतून काहीतरी ओरडली. तो शब्द मला ओळखता आला नाही.”

बुवांनी डोळे मिटले.

…

“या वेळी आठवडाभर वाळवीन,” रघुवीर म्हणाला. “तीनदा पाणी बदलीन. मासे तसेच मिळतील, त्याच रंगाचे. आपण फक्त यावर हात ठेवा.”

त्याने पांढरा तुकडा दोन्ही हातांनी पुढे केला, नैवेद्याची वाटी पुढे करावी तसा.

“पाइप हाच घे. हात मी ठेवणार नाही.”

“आशीर्वाद तरी…”

“त्या बुधवारी तोच दिला होता.”

रघुवीरचे हात खाली आले.

“मासे आणू?”

“आण. पण हे ते नव्हेत, हे ती ओळखील.”

“पुन्हा बोलेल?”

बुवांनी मान हलवली नाही. होकारार्थीही नाही, नकारार्थीही नाही.

“मग मी करू काय, महाराज? पाइप सोडून दुसरं काही मला येत नाही.”

“टाकीच्या पलीकडे जाऊन बस. काचेपाशी. ती बोट ठेवील तिथे तोंड ने.”

रघुवीरने पांढरा तुकडा खाली ठेवला. मग त्याने घाबऱ्या आवाजात विचारले, “तिने मान फिरवली तर?”

“फिरवील,” बुवा म्हणाले. “… तरी बस.”