खेळातला बॉयलर

"आणि पाणी कमी पडलं तर?" भन्तेजींनी विचारलं.

"तर बॉयलर फुटतो," प्रशिक म्हणाला. "खरी गंमत तिथेच आहे, भन्तेजी."

विहारातला रविवारचा वर्ग लॅपटॉपभोवती दाटीवाटीने बसला होता. खिडकीतून वीजकेंद्राच्या चिमण्या दिसत होत्या. बहुतेक मुलांच्या घरचं कुणी ना कुणी तिथे कामाला.

प्रशिक याच वर्गात शिकून इंजिनिअर झालेला. वीज कशी तयार होते हे शिकवणारा खेळ त्याने स्वतः बनवला होता. कोळसा टाकायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर टर्बाइन फिरवायचं आणि शहर उजळवायचं.

"वर्षभर फळ्यावर शिकवून जे डोक्यात शिरत नाही, ते इथे तासाभरात शिरतं," तो म्हणाला. "आणि चुकायची भीती नाही. चुकलं की पुन्हा."

भन्तेजी चीवर सावरून पुढे सरकले.

"दाखव."

त्यांचा हात अवघडलेला होता, पण शहरात एकेक दिवा लागत गेला. मुलांना चेव आला. अजून कोळसा, भन्तेजी, अजून. पाणी घ्यायचं राहून गेलं. काटा लाल पट्टीत शिरला.

"जाऊ द्या," प्रशिक हसत म्हणाला. "बघाच आता."

धडाम.

पडद्यावर ठिणग्यांचं कारंजं उडालं. मुलं हसून लोळली. सगळ्यांत पुढे बसलेल्या उत्पलाच्या तर डोळ्यांत पाणी आलं हसून हसून. धूर विरला आणि हिरवं बटण उमटलं. 'पुन्हा खेळा.'

भन्तेजींनी हात काढून घेतला. डोळे मिटले.

"बटण दाबा, भन्तेजी," प्रशिक म्हणाला. "की मी दाबू?"

"थांब."

"का? काय झालं?"

"मयतीला बसलो आहे."

प्रशिकच्या ओठांवर आलेलं हसू तिथेच अडकलं.

"कुणाच्या?"

"ते तू सांग. पाळीवर कोण कोण होतं?"

"कुणीच नाही. खेळात माणसं घातलीच नाहीत मी..."

भन्तेजींचे डोळे मिटलेलेच होते. मुलांचं हसणं विझत गेलं. कुणी मांडी घालून नीट बसलं, कुणी हात जोडले. कुणी सांगितलं नव्हतं.

उत्पला मात्र उठून उभी राहिली.

"सर, माझे बाबा सकाळपाळीला गेलेत. त्यांच्या बॉयलरवर ते हिरवं बटण कुठे असतं?"

प्रशिक तिच्याकडे बघतच राहिला. ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच ठाऊक करून घ्यायचं होतं.

"नसतं, बाळा."

"मग फुटला तर?"

प्रशिकची नजर खिडकीबाहेर गेली.

उत्पला खिडकीशी गेली. गज धरून चिमण्यांकडे बघत उभी राहिली. मघाशी हसून ओले झालेले तिचे गाल अजून पुसलेले नव्हते.

प्रशिकने लॅपटॉप ओढून घेतला.

"चुकलं माझं, भन्तेजी. आत्ताच्या आत्ता तो स्फोट काढून टाकतो."

भन्तेजींनी डोळे उघडले आणि पडद्यावरच्या हिरव्या बटणावर बोट ठेवलं.

"स्फोट खरा आहे, प्रशिक. तो राहू दे."