बिनकवाडाची वेस

ही वेस नीट बघा. दगडी कमान शाबूत, पण कवाड कुठं? नाहीच. आणि पलीकडचं मोकळं रान बघून पाहुणे विचारतात, भर शहरात एवढी जागा ओसाड का ठेवली? ओसाड काय ओसाड! सोनवळ नदीचं माहेर आहे ते.

दर श्रावणात पूर आला की नदी इथं राहायला यायची, म्हणे. रानात गाळ टाकायची, भोयांच्या तळ्यातलं कुजकं पाणी ढकलून न्यायची आणि परतायची. गावच्या सरनाईकाला तिथं बाजार वसवायचा होता. त्यानं काठानं भिंत घातली, या वेशीला सागाची कवाडं बसवली आणि ऐन पुरात ती लावून घेतली. नदी दारावरून माघारी गेली. रान गाळावाचून उपाशी राहिलं. तळ्यात मात्र गावाची घाण साचत गेली, पाणी हिरवंगार झालं, मासे उलटे तरंगू लागले.

राही भोईण त्या तळ्यावर जगत होती. ती वाड्यावर गेली.

"एक डबकं गेलं, दुसरं शोध," सरनाईक म्हणाला.

राहीच्या अंगाचा तिळपापड झाला. "डबकं कुणी केलं, सरकार? माहेरवाशीण दारात आली आणि तुम्ही कडी लावलीत!"

ती घरोघर फिरली. बायकांनी आण घेतली: नदी आत येईपर्यंत गावात एकाही लेकीची ओटी भरायची नाही.

पुढच्या पंचमीला सरनाईकाची मैना पोटुशी होऊन माहेरी आली. सख्खी आई खण-नारळ हातात घेऊन रडत उभी राहिली, पण तिनं ओटी भरली नाही. मैनेला कारण कळलं, तशी ती उठली आणि वेशीत कवाडाशी ठाण मांडून बसलेल्या राहीशेजारी जाऊन बसली. राहीच्या मनात आलं, पोरीचा बिचारीचा काय दोष? तरी ती हलली नाही. बाहेर पूर चढत होता. फटींतून आलेलं पाणी मैनेच्या पायांना लागलं, तेव्हा सरनाईक धावत आला. दोघींना त्यानं चौथऱ्यावर चढवलं आणि स्वतःच्या हातानं अडसर काढला.

नदी आत शिरली ती कवाडं उपटूनच. ती पुन्हा कुणाला सापडली नाहीत, असं सांगतात. पूर ओसरला तेव्हा रानावर काळा गाळ होता, तळं निवळलं होतं. त्या गाळाचं बोट कपाळी लावून राहीनं मैनेची ओटी भरली.

आजही इथं आधी गाळाचं बोट लागतं, मग ओटी. आणि ते मुरमाचे ढीग दिसतात ना? गावातल्याच एका बिल्डरनं टाकलेत. पडीक जागा आहे म्हणतो, मेला! परवा पंचमीला त्याची लेक माहेरी आली. अजून तिची ओटी कुणी भरलेली नाही.