नऊ हजार ओळींची सोय

डोंगरापलीकडच्या नगरात एक बाई राहत होती. संगणकाला काम सांगायची एक भाषा तिच्या गुरूने घडवली होती आणि जाताना तिच्या हाती सोपवली होती. शाळा, दवाखाना, पाणीपुरवठा, साऱ्या नगराचे संगणक त्याच भाषेत चालत. भाषेचा गाभा लहान होता. त्यातली ओळ न् ओळ बाईला पाठ होती. लोक तिला राखणदारीण म्हणत.

गाभा लहान, म्हणून लोकांना कष्ट फार. दोन तारखांमधले दिवस मोजायचे तरी ज्याने त्याने वीस-पंचवीस ओळी लिहायच्या.

अशात दूरदेशीच्या एका कारागिराची लायब्ररी, म्हणजे आयत्या आज्ञांचा संच, नगरात आली. तारीख कशीही लिहा, संच ती आपोआप ओळखायचा. जो तो ती वापरू लागला. मग दवाखान्याचा कंपाउंडर चार जणांना घेऊन राखणदारिणीकडे आला.

"बाई, ही गाभ्यातच घ्या. प्रत्येकाने वेगळी आणायची, वेगळी जोडायची, कशाला हा खटाटोप?"

"बाहेर आहे तोवर टाकून देता येते," ती म्हणाली. "गाभ्यात आली की कायमची आली. आणि आत नऊ हजार ओळी आहेत. मी त्या वाचलेल्या नाहीत."

"तुम्ही वाचेपर्यंत आम्ही म्हातारे होऊ!" बाकीचे हसले.

कंपाउंडर हसला नाही. "माझ्याकडे दोनशे औषधं आहेत. कुठलं कधी बाद होतं ते बघता बघता डोळे जायची वेळ आलीय."

ते खरं होतं. राखणदारिणीला त्याची दया आली. तिने वाचायला घेतलं, पण रोज कुणी ना कुणी दारात येऊन विचारी, "झालं का?" हजारेक ओळींवर तिने हात टेकले. पंचवीस तारीख घालून पाहिली, तीस घालून पाहिली. उत्तरं बरोबर आली. तिने संच गाभ्यात घेतला.

दोन वर्षं नगराने तिला दुवा दिला.

मग जुलैतल्या एका दुपारी कंपाउंडरच्या बायकोला सरपण काढताना साप चावला. दवाखान्यात सापाच्या विषावरच्या दोनच बाटल्या होत्या. संगणक म्हणाला, सप्टेंबरपर्यंत चालतील. दोन्ही टोचल्या. दिवेलागणीला ती गेली.

रिकामी बाटली कंपाउंडरने उजेडात धरली. लेबलावर होतं ९/४. नऊ एप्रिल. औषध तीन महिन्यांपूर्वीच बाद झालं होतं.

कारागिराच्या देशात महिना आधी लिहीत. संचाने नऊ एप्रिलचा चार सप्टेंबर केला होता. पंचविसावा महिना नसतो, म्हणून पंचवीस तारीख तेवढी नीट वाचली जायची.

राखणदारिणीने कारागिराला पत्र धाडलं. उत्तर आलं, "मी ते माझ्या सोयीसाठी केलं होतं. गाभ्यात घाला असं मी कुठे म्हटलं? आता ते काम मी सोडलंय."

तिने संच दुरुस्त करायला घेतला, तोच पाणीपुरवठ्याचा माणूस धावत आला. "बाई, हात लावू नका! ते उलटं वाचतं हे आम्हाला कधीच कळलंय. आम्ही तारखाच उलट्या लिहितो. सुलटं केलंत तर आमचं सगळं कोलमडेल."

"मग मला का नाही सांगितलंत?"

तो चाचरला. "गाभ्यात आहे म्हटल्यावर ते बरोबरच असणार. आमचंच चुकत असेल असं वाटलं."

शाळेचंही तेच निघालं. आणखी कुणाकुणाचं असेल, कोण सांगणार? ठेवावा तर एकाचा घात, काढावा तर दुसऱ्याचा. तिने संच होता तसाच राहू दिला आणि इशाऱ्याचा कागद दारावर लावला. तो कुणी वाचला नाही.

काही दिवसांनी कंपाउंडर येऊन ओट्यावर बसला. "बाई, मीच मागितलं होतं."

"मागणं तुमचं काम होतं," ती म्हणाली. "नाही म्हणणं माझं."

मग तिने उरलेल्या ओळी वाचायला घेतल्या. चार हजारांच्या पुढे तिला दुसरी चूक सापडली. त्या चुकीवरही कुणाचं काय काय चालत असेल, हे तिला ठाऊक नव्हतं. ती तशीच पुढे वाचत राहिली.

तात्पर्य: परक्याची सोय दाराशी असेपर्यंत पाहुणी असते, न पारखता घराच्या पायात घातली, तर तिची चूक उपटताना घरच उपटावं लागतं.